उड्डाणापूर्वीची पाच मिनिटे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



 चिटणीसबाईंनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "ड्रोनला उड्डाणापूर्वी मिळणारे उपग्रहांचे संकेत." त्या क्षणभर थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "बाई, जरा समारंभाला शोभेलसे काही नाही का?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. परंतु ज्या विषयाचा आपल्या काही सभासदांच्या पोटापाण्याशी संबंध आला आहे, तो विषय समारंभाला शोभत नाही असे कसे म्हणावे? म्हणून धीर करून उभी राहिले आहे. मी आयुष्यभर मुलींना भूगोल शिकवला. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडी शाळा येईल, ती आपण सहन करावी.

केंद्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात 'नमो ड्रोन दीदी' नावाची योजना मंजूर केली, हे आपणांस ठाऊक आहे. देशातील १५,००० महिला बचत गटांना शेतीसाठी ड्रोन द्यावयाचे, किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत, परंतु आठ लाखांच्या आत, साहाय्य करावयाचे, आणि गटातील एका बाईला पंधरा दिवसांचे शिक्षण द्यावयाचे, अशी ती योजना. या निमित्ताने आपल्या भागातही फवारणीचे ड्रोन दिसू लागले आणि ते चालवणाऱ्या आपल्याच लेकीसुना आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय.

आता या मुली शेतावर जातात तेव्हा काय दिसते? यंत्र बांधाजवळच्या मोकळ्या जागेत ठेवलेले असते. औषध कालवून टाकीत भरलेले असते. पंखे मात्र फिरत नाहीत. मुलगी हातातल्या रिमोटच्या पडद्याकडे पाहात उभी. एक मिनिट जाते, दोन जातात, पाच जातात. मग शेताचे मालक म्हणतात, "ताई, उरका की! ऊन चढायला लागलं." एखादे आजोबा म्हणतात, "बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं." आणि पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. असे दोनतीनदा झाले, की चौथ्या वेळी ती न थांबता यंत्र उडवते. भगिनींनो, मला बोलावयाचे आहे ते नेमके या चौथ्या वेळेबद्दल. 'थांबला तो संपला' असे आपल्याकडे म्हणतात. येथे मात्र नियम उलटा आहे. जी थांबली तिचेच काम नीट झाले. असे का, हे आपण सर्वांनी समजून घ्यावे, म्हणजे तिला शेतावर एकटीने उत्तर द्यावे लागणार नाही.

प्रथम हे पाहू, की ड्रोनला आपण कोठे आहोत हे कळते कसे? गिरणीचा भोंगा आपल्यापैकी पुष्कळजणींनी ऐकला असेल. समजा, भोंगा ठीक बारा वाजता होतो आणि तो तुमच्या कानी तीन सेकंद उशिरा पडला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे गिरणी तुमच्यापासून सुमारे एक किलोमीटर अंतरावर आहे. कोणत्या दिशेला, हे मात्र यावरून कळत नाही. गिरणीभोवती एक किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्यावर कोठेतरी तुम्ही आहात, इतकेच. दुसऱ्या गिरणीचा भोंगा ऐकला, दुसरे वर्तुळ निघाले, की ती दोन वर्तुळे दोनच ठिकाणी एकमेकांना छेदतात. तिसरा भोंगा त्यांतले खरे ठिकाण निश्चित करतो.

उपग्रहांचेही हेच. अमेरिकेच्या जी. पी. एस. व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक जण एकसारखा सांगत असतो, "मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत." तो संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. उपग्रह थेट डोक्यावर असेल तर त्याला एका सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. त्यावरून यंत्र अंतर काढते. आता गंमत अशी, की प्रकाश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जातो. घड्याळ तेवढेच चुकले तर तुमचे शेत वेशीपाशी जाऊन पोहोचेल! म्हणून उपग्रहांत आण्विक घड्याळे बसवलेली असतात. ड्रोनमध्ये मात्र तसले महाग घड्याळ नसते. त्याचे साधे घड्याळ किती चुकते आहे हे शोधण्यासाठी आणखी एक उपग्रह लागतो. उंचीसह ठिकाण शोधावयास तीन आणि घड्याळ जुळवावयास चौथा; म्हणून निदान चार उपग्रह हवेत असे म्हणतात.

येथे एक नवल सांगते. उपग्रह वेगाने फिरतो आणि पृथ्वीच्या आकर्षणापासून दूर असतो. या दोन्ही कारणांचा हिशेब केला तर त्याचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा दिवसाला सेकंदाचे ३८ दशलक्षांश भाग पुढे जाते. हे आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतावरून आधीच काढता आले होते आणि त्याप्रमाणे घड्याळांत दुरुस्ती करूनच उपग्रह सोडले जातात. ती केली नसती, तर एका दिवसात अकरा किलोमीटरांच्या आसपास चूक साठली असती. विसाव्या शतकाच्या आरंभीचा तो सिद्धांत आज सोयाबीनच्या फवारणीत उपयोगी पडतो आहे, हे आपल्या विद्यार्थिनींना अवश्य सांगावे.

आता थांबण्याची गोष्ट. जी. पी. एस. चा उपग्रह आपली माहिती फार सावकाश सांगतो. आपण नेमके कोठे आहोत हे सांगणारे त्याचे वाक्य पुरे व्हावयास तीस सेकंद लागतात. मधेच झाडाआड वा घराआड संकेत तुटला, तर वाक्य पुन्हा कानी पडेपर्यंत थांबावे लागते. याखेरीज सर्व उपग्रहांचे मिळून एक पंचांग असते; कोण कोठे उगवेल आणि कोठे मावळेल, याचे. ते सगळे ऐकावयाचे तर साडेबारा मिनिटे लागतात. यंत्र हे पंचांग लक्षात ठेवते. तेच यंत्र त्याच गावात दुसऱ्या दिवशी लावले तर कोणता उपग्रह कोठे शोधावयाचा, हे त्याला बरेचसे माहीत असते. परंतु पुण्याला बंद केलेला ड्रोन पेटीत घालून लडाखला नेला, किंवा महिनाभर माळ्यावर ठेवून काढला, तर त्याची स्थिती नव्या गावी उतरलेल्या पाहुण्यासारखी होते. आजची यंत्रे झपाट्याने शोध घेतात हे खरे. मोबाइलला तर इंटरनेटवरून पंचांग आयतेच मिळते. तरीही नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी यंत्राला चार मिनिटे अधिक दिली पाहिजेत.

पडद्यावर उपग्रहांची संख्या येते. ती वाढताना पाहून बरे वाटते. परंतु नुसती संख्या फसवी असते. मांडव घालताना चारच खांब चार कोपऱ्यांना रोवले तर मांडव उभा राहतो. बारा खांब एकाच कोपऱ्यात रोवले तर तो कोसळतो. उपग्रहांचेही तसेच आहे. ते आकाशात चारी दिशांना पांगलेले असले तर ठिकाण चांगले निघते. सगळे एका बाजूला गोळा झालेले असतील तर बारा असूनही हिशेब डळमळतो. ही पांगापांग दाखवणारा एक वेगळा आकडा पुष्कळ यंत्रांच्या पडद्यावर असतो. तो जितका लहान तितका चांगला. एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असला तर उत्तम. मुलींनी संख्येबरोबर हा आकडाही पाहावा.

येथे आमचा भूगोल येतो. सगळीकडचे आकाश सारखे नसते. जी. पी. एस. चे उपग्रह विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करून फिरतात. त्यामुळे ते आपल्या महाराष्ट्राच्या थेट डोक्यावरून जातात. पण ध्रुवावर उभे राहिले तर ते ४५ अंशांहून फारसे वर चढतच नाहीत. अंटार्क्टिकावर आपली 'मैत्री' आणि 'भारती' अशी दोन संशोधन केंद्रे साधारण सत्तर अंश दक्षिणेला आहेत, तेथेही जी. पी. एस. चा उपग्रह ऐन डोक्यावर कधी येत नाही. पुष्कळ उपग्रह दिसतात, पण मांडवाचा मधला उंच खांब नसल्यासारखे होते आणि त्यामुळे उंची मोजण्यात अचूकपणा कमी पडतो. रशियाचा मुलूख पुष्कळसा उत्तरेकडचा. म्हणून त्यांनी आपले 'ग्लोनास' उपग्रह सुमारे ६५ अंशांच्या कोनात फिरवले. ज्याने त्याने आपापल्या अंगणावर आधी छप्पर घातले, असे म्हणा ना!

आशियाचे आकाश या बाबतीत श्रीमंत आहे. जी. पी. एस., ग्लोनास, युरोपचे 'गॅलिलिओ' आणि चीनचे 'बायदू' ही चार मंडळे साऱ्या जगासाठी आहेत. त्याशिवाय चीनने २०२० साली आपले काम पुरे केले तेव्हा काही उपग्रह खास आशियाच्या बाजूला ठेवले. जपाननेही आपल्या उंच इमारतींच्या आणि डोंगरांच्या देशासाठी डोक्यावर दीर्घकाळ रेंगाळणारे उपग्रह सोडले आणि २०१८ पासून चार उपग्रहांची सेवा सुरू केली. त्यामुळे आपल्याकडील मोकळ्या माळावर चांगल्या यंत्राला वीस-तीस उपग्रह सहज दिसतात. तेच यंत्र अमेरिकेत नेले तर आशियासाठी ठेवलेले हे उपग्रह तेथे दिसणार नाहीत. तेव्हा परदेशातल्या भाच्याने "आमच्याकडे इतकेच दिसतात, तरी उडवतो" असे कळवले, तरी त्याचा आकडा आपण प्रमाण मानू नये. प्रत्येक गावाचे आकाश वेगळे.

आपल्या देशानेही स्वतःचे मंडळ उभारले, हे सांगताना ऊर भरून येतो. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य नागरिकांसाठी असलेला संकेत मुद्दाम बिघडवून देत असे. ठिकाण शंभर मीटरांपर्यंत चुके. दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याला पोहरा कधी काढून घेतला जाईल याचा नेम नसतो. भारत सरकारने २००६ साली स्वतःच्या व्यवस्थेस मंजुरी दिली. पहिला उपग्रह २०१३ च्या जुलैत आणि सातवा २०१६ च्या एप्रिलमध्ये गेला. या व्यवस्थेचे नाव 'नाविक'. तिचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. मूळ योजनेत तीन उपग्रह आपल्या दृष्टीने आकाशात स्थिर आणि चार इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट काढणारे होते. भारत आणि आपल्या सीमेपलीकडचे सुमारे १,५०० किलोमीटर एवढा तिचा टापू आहे.

परंतु अभिमानाच्या भरात अडचणी झाकू नयेत. काही उपग्रहांतील परदेशातून आणलेली आण्विक घड्याळे बंद पडली. २०१७ साली पाठवलेला एक बदली उपग्रह अग्निबाणाचे टोपण न निघाल्यामुळे वाया गेला. २०२३ च्या मे महिन्यात गेलेल्या नव्या पिढीच्या पहिल्या उपग्रहात आपल्या देशात बनवलेले रुबिडियमचे घड्याळ बसवले आणि साध्या यंत्रांनाही घेता येईल असा नवा संकेत दिला, ही मोठी प्रगती होय. त्यानंतर २०२५ च्या जानेवारीतला उपग्रह मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. घर बांधावयास घेतले की असे अडथळे येतात. म्हणून कोणी पाया सोडून देत नाही. मुलींना मी एवढेच सांगेन, की आपले यंत्र कोणकोणती मंडळे ऐकते ते त्याच्या माहितीपुस्तकात पाहून ठेवा. एकाच मंडळावर भिस्त ठेवण्यापेक्षा तीनचार ऐकणारे यंत्र बरे.

आता जमिनीवरचा भूगोल. सोलापूरच्या माळावर क्षितिजापर्यंत आकाश मोकळे असते. कोकणात घाटाच्या पायथ्याशी, दरीतल्या वाडीत अर्धे आकाश डोंगरच खातो. स्थिर उपग्रह आपल्याला दक्षिणेकडे कललेले दिसतात. तेव्हा दक्षिणेला उंच कडा असेल तर ते झाकले जाण्याचा संभव अधिक. नारळी-पोफळीच्या बागेत, विशेषतः पाने ओली असताना, संकेत आणखी क्षीण होतात. शहरात निराळेच संकट. तेथे संकेत उंच इमारतींवर आपटून येतो. विहिरीत हाक मारली की ती फिरून ऐकू येते, तसेच हे. फिरून आलेली हाक लांबून आली असे वाटते आणि यंत्र अंतर चुकीचे मोजते. शेतावर हेच काम पत्र्याची शेड किंवा उभा ट्रक करू शकतो. लोखंडामुळे ड्रोनचे होकायंत्रही बिथरते, ते वेगळेच. म्हणून पत्र्याच्या सावलीत यंत्र मांडू नये. आपण थोडे उन्हात उभे राहावे लागले तरी चालेल.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या देशाला विशेष लागू पडते. जमिनीपासून शेकडो किलोमीटर वर, सूर्याच्या तेजाने वायूंचे कण विद्युतभारित होऊन त्यांचा एक थर तयार होतो. उपग्रहांचा संकेत त्यातून येताना जरा अडखळतो आणि ठिकाण काही मीटरांनी सरकते. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तिरुवनंतपुरमजवळ थुंबा येथे १९६३ साली अग्निबाण सोडण्याचे केंद्र काढले, ते याच कारणासाठी. दिवसा या विषुववृत्तावरचा भारित वायू कारंज्यासारखा वर चढतो आणि उत्तरेला व दक्षिणेला खाली उतरतो. उत्तरेकडचा त्याचा दाट पट्टा मध्य भारतावर येतो. सूर्य मावळल्यावर त्या थरात बुडबुडे निर्माण होतात आणि तारे लुकलुकावेत तसे संकेत लुकलुकू लागतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या दिवसांत, आणि सूर्यावर डाग अधिक असतात त्या वर्षांत, हे अधिक होते. जर्मनी-फ्रान्सच्या शेतकऱ्याला ज्याची सहसा फिकीर करावी लागत नाही, ते आपल्याकडे ध्यानात ठेवावे लागते. त्यामुळे दिवेलागणीनंतर 'राहिलेला एवढा तुकडा उरकून टाकू' असा आग्रह कोणी मुलींना धरू नये. अंधारात दिसत नाही, हे एक कारण. आणि आकाश चंचल झालेले असते, हे दुसरे.

२०२४ च्या मे महिन्याच्या १० व ११ तारखांना सूर्यावरून फार मोठे वादळ आले. लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस प्रकाश दिसला, हे आपण वाचले असेल. त्याच दिवसांत अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मक्याच्या पेरणीची धांदल होती. उपग्रहांच्या मदतीने सरळ तास धरणारे तेथील ट्रॅक्टर भरकटू लागले आणि पुष्कळ शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली. लाखो डॉलरांची यंत्रे दाराशी उभी असताना ते लोक थांबले. कोणी त्यांना भित्रे म्हटले नाही.

या अडचणींवर उपायही निघाले आहेत. दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकणारे यंत्र त्या थराची चूक बरीचशी काढून टाकते. विमानांसाठी आपल्या देशाने 'गगन' नावाची व्यवस्था उभारली आहे. देशभरातील पंधरा केंद्रे ही चूक सतत मोजतात आणि दुरुस्ती स्थिर उपग्रहांवरून परत सांगितली जाते. आणखी अचूकपणा हवा असेल तर जवळच जमिनीवर, ठाऊक असलेल्या जागी, दुसरे यंत्र ठेवून त्याची दुरुस्ती ड्रोनला देतात. मग चूक काही सेंटिमीटरांवर येते. २०२० पासून 'स्वामित्व' योजनेत गावठाणांचे नकाशे ड्रोनने काढले जात आहेत, त्यांतही जमिनीवरच्या केंद्रांची अशीच मदत घेतात. घराच्या मिळकत पत्रिकेचा आधार असलेली ती रेघ कोठून जाते, हे काही लहान प्रश्न नव्हेत. ज्या बाईच्या नावावर घर लागावयाचे, तिला त्या रेघेची किंमत विचारा.

निसर्गाची ही गोष्ट झाली. माणसाने मुद्दाम केलेला उपद्रव आणखी वेगळा. उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो. एका वॅटला एकावर सोळा शून्ये मांडून भागले, तर जे उरेल तेवढीच त्याची शक्ती. त्यामुळे खाली कोणी तशाच लहरींवर गोंगाट केला, तर तो दबून जातो. किंवा कोणी खोटा संकेत सोडला, तर यंत्र त्यालाच खरा मानते. एस्टोनिया देशातील टार्टू शहराला जाणारी विमाने फिनलंडच्या विमान कंपनीला २०२४ साली याच कारणाने महिनाभर बंद ठेवावी लागली. आपल्याकडेही जम्मू आणि अमृतसरच्या सीमाभागात विमानांना असे खोटे संकेत मिळाल्याच्या नोंदी आहेत. महाराष्ट्रातील शेतात ही भीती रोजची नाही. पण पडद्यावरील नकाशात आपला ठिपका भलत्याच जागी दिसला, तर यंत्र उडवावयाचे नाही, हा नियम सगळीकडे सारखाच.

आपण म्हणाल, चारदोन मीटर चुकले तर असे काय मोठे बिघडले? भगिनींनो, फवारणीचा ड्रोन पिकावर दोनतीन मीटर उंचीवरून, ठरवून दिलेल्या रेघांवर फिरतो. रेघ चार मीटर सरकली, की एका बाजूच्या ओळी कोरड्या राहतात आणि दुसऱ्या बाजूला औषध शेजाऱ्याच्या शेतात पडते. शेजाऱ्याने रेशमाच्या किड्यांसाठी तुती लावली असेल, तर तो विषारी पाला खाऊन किडे मरतात. एका सकाळी एका घराचा हंगाम जातो. बांधावर मधमाश्यांच्या पेट्या असतील, तर त्यांचेही तेच. आणि दोष कोणाच्या माथी येतो? उपग्रहांच्या नव्हे. "बाईने चुकवले" असे गाव म्हणते, आणि पुढच्या दहा मुलींची वाट बंद होते.

दुसरी गोष्ट परतीच्या जागेची. ड्रोन निघताना, संकेत पुरेसे मिळाले म्हणजे, आपण कोठून निघालो ते लक्षात ठेवतो. रिमोटशी संबंध तुटला किंवा बॅटरी उतरली, तर तो आपोआप त्या जागी परत येऊन उतरतो. संकेत नीट मिळण्यापूर्वीच घाईने उडवला, तर ती जागा चुकीची नोंदली जाते, किंवा संकेत मिळेल तेव्हा आहे तीच जागा घर म्हणून धरली जाते. मग अडचणीच्या वेळी तो परत येईल तो विहिरीवर, तारांवर, किंवा जेथे बाया निंदणी करीत आहेत तेथे. भरल्या टाकीसह वीस-पंचवीस किलोचे आणि गरगर फिरणाऱ्या पात्यांचे ते यंत्र आहे, हे ध्यानात असू द्यावे.

तेव्हा आपल्या मुलींनी करावे काय? काम अगदी सोपे आहे. यंत्र मोकळ्यावर, झाडे, पत्रे, गाड्या आणि विजेच्या तारा यांपासून दूर मांडावे. ते आधी सुरू करून ठेवावे आणि औषध कालवणे मागाहून करावे. म्हणजे थांबण्याचा वेळ कामातच जातो. उपग्रहांची संख्या आणि पांगापांगीचा आकडा हे दोन्ही पाहावे आणि ते मिनिटभर स्थिर राहतात ना, हे पाहावे. नकाशातील ठिपका आपण उभ्या आहोत तेथेच आहे का, हे बांध, विहीर, रस्ता यांच्या खुणांवरून पडताळावे. परतीची जागा नोंदली गेल्याची खूण मिळाल्यावरच पंखे फिरवावे. वर गेल्यावर लगेच धावू न देता दोनतीन मीटरांवर अर्धा मिनिट उभे ठेवावे. वाऱ्याबरोबर वाहू लागले तर खाली उतरवावे. उपग्रह गेले तरी हाताने यंत्र सुखरूप उतरवण्याचा सराव ठेवावा. आणि त्या भागात उडवण्यास परवानगी आहे ना, हे सरकारच्या हवाई नकाशावर आधी पाहून घ्यावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी ते आपल्यावर बंधनकारक केले आहे.

मुलींचे झाले. आता आपले, म्हणजे मंडळाचे. माझी नम्र सूचना अशी, की फवारणीचे काम ठरवताना आपल्या गटाने कागदावर एक ओळ लिहावी : 'उड्डाण केव्हा करावयाचे हे यंत्र चालवणारी ठरवील.' शेतमालकाने त्याखाली सही करावी. एवढ्या एका ओळीने शेतावरच्या मुलीला आधार मिळेल. तिने "आज आकाश ठीक नाही, उद्या येते" असे सांगितले, तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडू नये, अशी तरतूद गटाच्या शिलकीतून करता येईल काय, याचाही विचार कार्यकारिणीने करावा. 'नाही' म्हणावयाची किंमत तिला एकटीला मोजावी लागली, तर ती फार दिवस 'नाही' म्हणू शकणार नाही.

आपण स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे हेच करत आलो आहोत. तेल तापल्याशिवाय आपण पुरी सोडत नाही आणि कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण काढत नाही. त्या वेळी कोणी "उशीर का?" म्हटले, तर आपण सरळ सांगतो, "थांबा, अजून झाले नाही." तोच आवाज आपल्या मुलींना शेताच्या बांधावर काढता आला पाहिजे. यंत्र सरकारने दिले, शिक्षण संस्थेने दिले. हा आवाज मात्र त्यांना आपणच द्यावयाचा आहे.